शैलाच्या नाकावरचा पदर

३ मे

दूध करपलं आणि बोल मला! मी काय दुधाच्या राखणीला बसले होते? गॅसच्या बाजूला बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होते. सून शैला अंगणातून धावत आली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणते, "आई, घरभर वास सुटलाय! तुमी बाजूलाच बसलाय ना?" मुलगा एकनाथ रात्रपाळी करून झोपला होता, तोही डोळे चोळत उठला. पातेलं काळं ठिक्कर. मी म्हटलं, "दूध तापत ठेवून जाताना मला सांगितलेलं काय? मला काय सपान पडतं?" दोघं गप्प. गप्प करायला मला वेळ लागत नाही.

पण एवढी करप. मला कशी कळली नाही?

ही डायरी एकनाथच्या कंपनीची. नातीने, रिद्धीने आणून दिली. ती बोईसरला कॉलेजात धंदा शिकते. धंदा शिकायला कॉलेज! "आजी, तू बाजारात बसून जे बोलतेस ते लिही. निसर्गातून, रोजच्या अनुभवातून काय शिकलीस. रोज एक धडा. आमाला प्रोजेक्ट हाय." मी चौथीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की धाप लागते. तिला वेगळ्या कागदावर दोन-चार ओळी देईन. हिच्यात मी माझं लिहिणार.

आजचा धडा: दुधाच्या बाजूला बसलेल्या माणसाला राखणदार समजू नये.

४ मे

सगळी बाहेर गेल्यावर दार लावून घेतलं. उदबत्ती लावली, नाकाशी धरली. धूर डोळ्यांत गेला, वास नाही. कांदा फोडला. फिनेलची बाटली उघडली. शेवटी सुक्या जवळ्याच्या डालग्यात तोंडच घातलं.

काही नाही! भुशात तोंड घातल्यासारखं.

चैत्रात ताप आला होता, तेव्हापासूनचं असणार. तेव्हापासून जेवणही मातीसारखं लागतंय. मी रोज शैलाला म्हणत होते, तुझ्या हाताची चव गेली. तिच्या हाताला काही झालेलं नव्हतं तर.

सुकी मासळी विकणारी बाई आणि नाक नाही! बोंबील आत ओला आहे की वाळला, जवळा नवा की जुना, सगळं या नाकाने सांगितलं आजवर. कुणाला सांगायचं नाही. एकनाथला तर नाहीच. तो वाटच बघतोय. "आई, आता बस झालं, बाजारातली जागा देऊन टाक." देऊन टाक म्हणे! ती जागा माझ्या सासूची. पाऊस असो, ऊन असो, तिथे आमचंच फडकं अंथरलेलं.

६ मे

बाजार. टमटममध्ये कोंबून बसलो होतो. कंपन्यांच्या बाजूने गाडी गेली की सगळी नाकाला रुमाल लावतात. मीही लावायचे आणि त्या वासावरूनच कळायचं, आता बोईसर आलं, पिशव्या आवरा. आज बाजूची बाई म्हणाली, "मावशी, तुमाला काय होत नाय?" बघते तर सगळ्यांची तोंडं झाकलेली, माझं एकटीचं उघडं. म्हटलं, "आमच्या नाकाने यापेक्षा मोठे वास बघितलेत गो." हसली. मला हसू आलं नाही.

धंदा हातावर केला. बोंबील वाकवून बघितला, मोडला तर बरा. जवळा मुठीत घेऊन कानाशी हलवला. वाजला तर बरा. गिऱ्हाइकांना वाटलं, बाई किती बारकाईने बघते!

शैला टोपल्या उतरवून लांब उभी. नाकावर पदर. ती मनोरकडची, शेतकऱ्याची पोर. लग्न होऊन आली तेव्हापासून तो पदर नाकावर आहे. मी तिला नाकवाली म्हणते. सगळा बाजार म्हणतो. समोर बसणारी एडवणची सुगंधा तर मुद्दाम ओरडते, "नाकवालीला खुर्ची द्या गो, वाऱ्याच्या बाजूला!"

८ मे

रिद्धी खाडीवर घेऊन गेली, धडे शोधायला. चिखलात बगळा एका पायावर उभा. "बघ आजी, संयम! धंद्यात असाच संयम पाहिजे." मी म्हटलं, "तो भुकेला हाय. पोट भरलं की एका पायावर कोण उभं राहील?" तिने तेही मोबाईलमध्ये लिहून घेतलं. या पोरीला फेकून दिलेलंही चालतं.

बिळाशी खेकड्याचं रिकामं कवच पडलं होतं. खेकडा जुनं कवच टाकतो, तेव्हा आतून लोण्यासारखा मऊ असतो. कुणीही खावा. म्हणून नवं कवच कडक होईपर्यंत बिळातून बाहेरच येत नाही. शहाणा. हा धडा मी रिद्धीला सांगितला नाही.

१० मे

दोन दिवस वारा फिरलाय. वरचा कोरडा वारा गेला, खालचा दमट सुरू. वलांडीच्या काठ्यांवर टाकलेले बोंबील लोंबतात नुसते, वाळत नाहीत. आणि हेच दिवस महत्त्वाचे! आता आगोट. डोंगरातली माणसं पावसाच्या चार महिन्यांची मासळी आताच नेतात. पाऊस लागला की भात आणि सुकं, दुसरं काही नाही त्यांना. बायडी येईल आता. ती तिच्या सगळ्या पाड्याचा जवळा एकटी नेते, गोणीने. तिची सासू माझ्या सासूकडून न्यायची. बायडीने नेला की तिच्यामागून बाकीचे पाडे येतात.

जीव नुसता वरखाली. डोळा लागत नाही, बसवत नाही, चालवत नाही.

११ मे

दिराच्या बोटीचा जवळा खळ्यावर पसरला होता. संध्याकाळी मुठीत घेतला, वाजला. आभाळ भरून आलेलं, दव पडायच्या आत उचलायला हवा. गोण्यांत भरायला लागले. शैला पाण्याची कळशी घेऊन चालली होती. थांबली. पदर नाकावर होताच, तरी थांबली.

"आई, हा उद्या परत पसरा. खालचा भिजका हाय. वास येतोय."

मी म्हटलं, "तुला तर लग्नापासून वासच येतोय! कधी येत नाय ते सांग."

ती कळशी घेऊन गेली. मी गोण्यांची तोंडं शिवून टाकली. सुतळी करकचून ओढली, रागाने. रागानेच.

१२ मे

एका गोणीच्या कोपऱ्यातून चिमूटभर काढला, मांजरीपुढे टाकला. तिने वास घेतला, पाय झटकला आणि निघून गेली!

माजलीय. शेजारणी दूध पाजतात तिला.

१३ मे

मांजर काल रात्री शेजारच्या टोपलीतला बोंबील चोरताना सापडली. म्हणजे भूक होती.

१५ मे

बायडी आली. डोक्यावर रिकामी गोणी घडी करून ठेवलेली, उन्हातून चालत आलेली. "चंद्राबाय, बरी हाय ना? जवळा काढ." मी गोणी उघडली. तिने ओंजळ भरून घेतला, नाकाशी नेला. नेहमी नेते तसाच. मग हळूच परत ठेवला. हात लुगड्याला पुसले.

"काय गो?"

"नाय, आज घाई हाय. परत येतो."

बायडीला घाई! ती आली की चहा पिते, माझ्या फडक्यावर पाय पसरून बसते, सगळ्या पाड्याची गाऱ्हाणी सांगते, भावासाठी माझ्याशी असं भांडते की रस्त्यावरची माणसं थांबतात. आज भांडलीच नाही. थोड्या वेळाने बघितलं, सुगंधाच्या जागेसमोर उभी होती.

रिद्धीच्या कॉलेजात हे शिकवतात का कोण जाणे. भांडणारं गिऱ्हाईक आपलं असतं. गोड बोलून जातं ते गेलं.

परत येताना टमटममध्ये आम्ही दोघीच मागे. कंपन्या आल्या. शैलाने पदर नाकावर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने माझ्या नाकावर माझा पदर ठेवला. मला वास येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून! मी तिच्याकडे बघितलं.

"कधी कळलं तुला?"

"दुधाच्या दिवशी. करपलेल्या पातेल्याच्या बाजूला बसून तुमी विचारलंत, काय झालं म्हणून."

"एकनाथला सांगितलंस?"

"नाय."

"का?"

ती बाहेर बघत म्हणाली, "लग्नानंतर मी खळ्यावर ओकले तेव्हा तुमी सगळ्या बायांना सांगितलंत, पोरीला दिवस गेलेत म्हणून. रिद्धी तर किती वर्षांनी झाली!"

मला आठवलं. बाया हसायला लागल्या होत्या, मासळीच्या घरात आली आणि मासळीला ओकते म्हणून. माझ्या सुनेला बाकीच्या का हसतील? हसायला मी आहे. म्हणून ठोकून दिलं. पुढे वर्षभर बाया विचारत होत्या, काय झालं त्या दिवसांचं!

"ते मी घराच्या अब्रूसाठी केलं," मी म्हटलं.

"मग मी पण त्याच्यासाठीच गप्प हाय."

तोंडाला तोंड देते! इतकी वर्षं कुठे होती ही?

१६ मे

सकाळीच गोण्या फोडल्या. शैला समोर बसली आणि नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला. तिचं पुरं तोंड मी खळ्यावर पहिल्यांदा बघितलं. एकेक गोणीत हात घालून तळातला जवळा वर काढत होती, वास घेत होती.

"हा चालेल. हा नाय. हा वरचा बरा, खालचा गेला."

मध्येच उठली, माडाच्या मागे जाऊन ओकून आली, तोंड धुतलं, परत बसली. मी म्हटलं, "आता कुणाला काय सांगू? या वयात दिवस गेले म्हणू?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकनाथ दारात चहा घेऊन उभा होता, त्याला काही कळलं नाही. बरं झालं.

बघितलं तर सुकी मासळी जिला आवडते तिला सगळाच वास चांगला लागतो. जिला आवडत नाही तिला बारीकसा फरकही टोचतो. नावडीचं नाक जास्त तिखट. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. ज्या नाकाला हसले तेच कामाचं निघालं.

गेलेला जवळा माडांच्या मुळाशी पुरला. अर्ध्याच्या वर होता. दिराला वाईट वाटलं, "बाय, कुणीतरी घेतला असता." कुणीतरी म्हणजे कोण? बायडीच्या पाड्यावरची पोरं?

१७ मे

वारा पुन्हा कोरडा, देवाची कृपा. नवे बोंबील वलांडीवर घातले. मी एका बाजूला, शैला दुसऱ्या. एकटा बोंबील काठीवर टिकत नाही, घसरतो. दोघांची तोंडं एकमेकांच्या जबड्यात अडकवायची, मग काठीवर टाकायचे. कितीही वारा येवो, पडत नाहीत. रिद्धी फोटो काढत होती. "आजी, किती छान! सोबत, प्रेम!"

मी म्हटलं, "प्रेमाने नाय गो, दातांनी. एकमेकांना चावून धरलंय म्हणून वाळतात."

पलीकडून शैला म्हणाली, "ते लिही, रिद्धी."

२० मे

शैला विचारते, बाजारात मी बाजूला बसू काय? मी म्हटलं, बस. तिने विचारलं, आणि माल कसा ते कोण सांगणार? मी म्हटलं, तू माझ्या कानात सांग, मी गिऱ्हाइकाला सांगेन. "बरं," म्हणाली. पण चेहरा पडला.

का पडावा? जागा माझी, तोंड माझं. नाक फक्त तिचं.

दिवसभर तेच डोक्यात. खाडीवर जाऊन आले. तो खेकडा बिळातच असणार अजून. आत मिळेल ते खाऊन जगत असेल. बिळात जीव वाचतो, धंदा होत नाही. बाहेर यायला कधीतरी लागतंच, कवच कडक असो नसो.

२२ मे

बाजार. बायडी समोरून चालली होती, सुगंधाकडे. मी जागेवर उभी राहिले आणि ओरडले, "बायडे! त्या दिवशीचा माल वाईट होता. माझं नाक गेलंय. तापात गेलं. मला काय करप कळत नाय की कुबट." सगळा बाजार वळला. सुगंधाचा तराजू तसाच हातात. शैलाने माझा पदर ओढला, मी सोडवून घेतला.

बायडी आली. ओंजळ भरली, नाकाशी नेली नाही, आधी माझ्याकडे बघितलं. "कसा हाय गो?"

मी मागे सरकले. शैलाला फडक्याच्या मध्ये बसवलं. पदर कमरेला, नाक उघडं.

आता लिहून ठेवते, घरातल्यांनी आणि बाजाराने नीट ऐकावं: माल कसा हाय ते आजपासून शैलाने सांगायचं, दुसऱ्या कुणी नाही, मीही नाही. भावाचं भांडण मात्र माझ्याशीच करायचं!