सफरचंदांच्या बागेवरची अट

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, अविवाहित, धंदा सफरचंदांची बाग, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून पाहावा.

१. राहते घर आणि फळे निवडायची शेड माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. सात वर्षे इथे तीच राबते आहे. शेडचे दार उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे.

२. बागही तिलाच. वडिलांनी ती मला देताना एकही झाड तोडू नये अशी अट घातली होती. मी ती पाळली. पण सफरचंदाला फुलायला हिवाळाभर कडक थंडी लागते, आणि तशी थंडी आता पडत नाही. बहर तुटक येतो, फळ धरत नाही. गेल्या वर्षी चारशे झाडांच्या मिळून एकोणीस पेट्या भरल्या. ती अट मी उठवते. भाचीने झाडे खुशाल तोडून डाळिंब लावावे. माझ्या आठवणीखातर एकही झाड ठेवू नये.

३. माझी तापमानाची वही खोटी आहे. तीस वर्षांपूर्वी भाऊ म्हणाला होता, "ताई, थंडी कमी होतेय. आत्ताच दुसरं काही लावूया." मला ते ऐकवेना. मी तापमापक शेडच्या भिंतीवरून काढून विहिरीजवळच्या खोलगट जागेत टांगला. तिथे पारा दोन अंश खाली दिसतो. ती वही त्याच्यापुढे आपटून चारचौघांत म्हणाले, "तुला कष्ट नकोत, म्हणून थंडीवर खापर फोडतोस." तो घर सोडून गेला.

मागच्या महिन्यात भाची तीच वही काखेत मारून सफरचंदांची नवी रोपे मागवायला निघाली. म्हणाली, "आत्या, तुझ्या आकड्यांवर माझा विश्वास आहे." तिला फाटकातच अडवून सगळे सांगितले. रोपे आली नाहीत. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेव्हापासून मला झोप छान लागते.

४. शेजारच्या नासपतीवाल्याने बावीस वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यालाच देते. आता तरी त्याने ती लपवणे सोडावे.

५. विहिरीकडची दोन एकर मी भावाला देणार होते. पण ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. भाचीच्या निरोपावरून तो घरी आला होता. म्हणाला, "जमीन पोरीलाच दे, ताई. मला साक्षीदार म्हणून सही करू दे." म्हणून भावाला काहीही देत नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळी.

सही: बागवाली, थोरली बहीण.

साक्षीदार पहिले: डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सहीपूर्वी कलम तीन त्याने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. दोनदा.