खांबाशिवाय नीलव्वा

देगलूर,
चैत्र वद्य पंचमी, शके १९०५

प्रिय लेक दानम्मा,

जो साऱ्यांचा आधार असून स्वतः निराधार उभा आहे, त्या सदाशिवाची आणि श्रीगुरूंची कृपा तुम्हा उभयतांवर असो.

तुझे पत्र पोचले. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत जावईबापू हणमंतराव रुळले, लातुरात अखेर खोली मिळाली आणि अक्षय तृतीयेला तू नीलव्वाला न्यायला येतेस, हे वाचून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. इकडे नदी आटून पांढरी वाळू तेवढी उरली आहे. पहाटे ते पात्र पाहताना वाटते, पाणी खाली कुठेतरी निजले आहे आणि त्याच्या श्वासाने वाळू हलते आहे.

तुझी चार वर्षांची नीलव्वा बसताच एका अंगावर कलंडते, घास तोंडाशी नेताना सांडते, म्हणून दसऱ्यानंतर तिला आमच्यापाशी ठेवून जाताना तू डोळे पुसत होतीस. दर पत्रात तू एकच विचारलेस, बसते का? दिवाळीत मी लिहिले, की माझ्या पूजेला ती तासभर पाठ ताठ ठेवून बसते. उपरण्याने मी तिला खांबाला बांधत असे, हे मात्र लिहिले नाही. डाव्या तळहातावर इष्टलिंग धरून निश्चल बसावे, ही आपली रीत. मला वाटले, देह स्थिर केला की बळ मागून येईल. जे काम खांब करतो ते पाठ कशाला करील, एवढेही मला जन्मभराच्या ग्रंथवाचनाने कळले नाही.

पाणी आणणारी गुणाबाई एके सकाळी कळशी उतरवताना थबकली. "अप्पा, लेकरू हाय का वासरू? सोडा की. पडल्याबिगर सावरायचं कसं कळंल तिला?" तुझी आई आतून म्हणाली, "मी बी हेच सांगून राहिले. पण मी कुठं पोथी वाचलीय!" मी उपरण्याची गाठ सोडली.

त्या दिवसापासून आम्ही तिला वाळूत नेऊ लागलो. गुंडाळलेल्या वाकळेवर घोड्यावर बसवावे तसे बसवायचे आणि डावीकडचे चिंचोके तिने उजव्या हाताने उचलून उजवीकडच्या गाडग्यात टाकायचे. पहिला महिना ती पडतच होती. वाळू मऊ, म्हणून हसत होती. मी हात पुढे केला की म्हणायची, "आज्जा, तू तिकडं बस." मग मी तिकडे बसून नाम घेई, आणि कोवळ्या उन्हात तिची पाठ ज्वारीच्या ताटासारखी डोलत पुन्हा मध्यावर येताना पाही. इतके एकाग्र ध्यान मला पूजेतही साधले नव्हते.

हे पत्र लिहिण्याचे कारण असे. तासभर बसणारी लेक तुला दिसणार नाही. एकशे आठ नामे होईतो ती बसते, मग कलंडते. आता काही न धरता सात पावलेही चालते, मग पडते. तुला वाटेल, पोर मागे गेली. दानम्मा, तो तास माझ्या उपरण्याचा होता. ही सात पावले तिची आहेत. माझ्यावर राग धर, पण एसटीतून उतरताच धावत येऊन तिला उचलू नकोस. थोडी दूर उभी राहा. ती येईल, वाटेत पडली तरी उठून येईल.

ज्या ज्या घरी हे पत्र वाचले जाईल, तेथील लेकरांच्या पाठीत बळ, पावलांत तोल आणि वडीलधाऱ्यांच्या हातांत थांबण्याचा धीर शिव देवो.

तुझाच,
अप्पा
(गुरुपादप्पा)