फेमकेच्या बदल्यात इंग्रिड

१० जाने. २००६, मंगळवार. फेल्डहोवन, नेदरलँड्स

प्रॅक्टिस झाल्यावर हेंकने थांबवलं. आमचा कोच, एरवी सगळ्यांच्या आधी सायकलला टांग मारून पसार. आज कँटीनचं दार लावून बसला. सोबत विलेम. क्लबचा अध्यक्ष आणि स्पॉन्सरही तोच, त्याच्या किचन-फर्निचरच्या दुकानाचं नाव आम्हा सगळ्यांच्या पाठीवर.

हेंक म्हणाला, "इंग्रिड मिळतेय."

"कोण इंग्रिड?" म्हटलं आणि म्हणतानाच कळलं. इथे बायकांच्या बास्केटबॉलमध्ये आडनावाशिवाय एकच इंग्रिड. नॅशनल टीम, मग इटलीत कितीतरी वर्षं. आता अडतीस. शेजारच्या गावच्या क्लबात आहे, तिथल्या कोचशी बिनसलंय.

"आपल्याला परवडते?"

विलेम म्हणाला, मी देईन पगार. वर गाडीही. पण मग छोट्या मुलींच्या कोचचा खर्च झेपणार नाही, तो वर्ग बंद. (आमची आर्या त्याच वर्गात.) आणि तो क्लब तिला फुकट सोडत नाही. बदल्यात त्यांना फेमके हवी.

आमची फेमके. वीस वर्षांची. चौदाची असताना माझ्या खांद्याला लागायची, आता डोळ्याला डोळा.

कमिटीत पाच जण. हेंक आणि विलेम 'घ्या' म्हणतात. छोट्या मुलींच्या पालकांचे दोघं 'नको' म्हणतात. खेळाडूंच्या वतीने उरले मी. महिनाअखेर ठरवायचं. तोवर फेमकेपाशी अवाक्षर नाही.

पॉइंट्स टेबलात शेवटून दुसरे आहोत. असेच राहिलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये.

११ जाने., बुध

चिप फॅक्टरीच्या क्लीनरूममध्ये दिवसभर डोकं दुसरीकडे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा बनी सूट घालून उभी, आणि मनात पास चाललेले. बॉसने एकच प्रश्न दोनदा विचारला.

जेवताना सुहासला सांगितलं. नवरोबांनी पोळी मोडता मोडता विचारलं, "इंग्रिड खेळते कुठल्या जागेवर?"

"बास्केटखाली."

"म्हणजे तुझ्या."

"हं."

"मग तू?"

म्हटलं, त्याचा विचारच केला नव्हता. खोटं. काल कँटीनमध्ये दुसरा विचार तोच होता. पहिलाही असेल.

१४ जाने., शनि. संक्रांत

बाहेरच्या हॉलवर मॅच. हरलो. तीन क्वार्टर फेमके एकटी खेळत होती, बाकी आम्ही तिला बघत होतो असं वाटत होतं. शेवटी ती दमली, सगळं गेलं.

कपडे बदलताना डबा फिरवला. आईने पाठवलेले तिळगूळ. 'गोड बोला'चं डच भाषांतर करून सांगितलं तर हेंकची मुलगी म्हणाली, मग बाबांना दोन दे.

फेमके आमच्याच गाडीत. मागे आर्या आणि ती, दोघी डचमध्ये खिदळत. मी मराठीत काही विचारलं की आर्या उत्तर फेमकेला देते. आरशात फेमके दिसत होती. मला सगळं माहीत आणि तिला काहीच नाही. घर येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला.

१७ जाने., मंगळ

इंग्रिड आली. "पाहुणी म्हणून" असं हेंकने सगळ्यांना सांगितलं. फेमके हरखून गेली होती, सही घ्यायची का विचारत होती मला!

उंच, केस बारीक कापलेले, पांढरे झालेत ते लपवलेले नाहीत. मला तिच्यावर डिफेन्सला लावलं. हळू आहे. खरंच हळू आहे. पण मी जिथे पोचायचे तिथे ती आधीच उभी. धक्का नाही, घाई नाही. खांदा नुसता टेकवते आणि आपण बाजूला गेलेले असतो.

मग बाजू बदलल्या, आम्ही दोघी एका टीममध्ये. तिने दिलेले पास! हात उघडायच्या आत चेंडू हातात. या देशात आल्यापासून मी इतकी बरी खेळले नव्हते. पुण्यात असतानाही नसेन.

मध्येच म्हणाली, "तू फार लवकर उडी मारतेस."

"सवय आहे."

"सवय नाही. मागे कोणी आहे यावर तुझा विश्वास नाही."

राग आला. बरोबर होतं म्हणून आला असेल.

बाटली विसरले म्हणून परत आत गेले. सगळे गेले होते. इंग्रिड जिना उतरत होती. अंग आडवं वळवून, दोन्ही हातांनी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. लहान मुलं उतरतात तशी. ओठ दाबलेले. मला पाहिलं, थांबली नाही.

१८ जाने., बुध

सांगायचं की नाही.

सांगितलं तर सगळे म्हणतील, हिला आपली जागा जाईल याची भीती. नाही सांगितलं तर विलेम डोळे झाकून सही करणार, फेमके जाणार, आणि हातात काय येणार?

सु. म्हणतो, "खरं ते सांग, विषय संपला." त्याला सोपं आहे. त्याने आयुष्यात कॅरमशिवाय काही खेळलेलं नाही.

१९ जाने., गुरु

पार्किंगमध्ये इंग्रिडच जवळ आली. पाऊस भुरभुरत होता, दोघींनी टोप्या ओढलेल्या.

"पाहिलंस ना परवा?"

"पाहिलं."

"कमिटीत तू आहेस असं ऐकलं."

"आहे. डॉक्टर काय म्हणतात?"

"खेळू नको म्हणतात. चार वर्षांपूर्वीही तेच म्हणाले होते." हसली. मग हसू गेलं. "मला कोचिंग येत नाही, टीव्हीवर बोलता येत नाही. मला हे येतं. अजून एक सीझन हवाय."

मी टोपी आणखी खाली ओढली.

"सांगायचं असेल तर सांग," म्हणाली. "पण माझ्यासमोर सांग."

२१ जाने., शनि

घरच्या हॉलवर हरलो. मी भयंकर. सोप्यात सोपे दोन बॉल रिंगवरून बाहेर घालवले. प्रेक्षकांत इंग्रिड बसली होती, विलेमच्या शेजारी. तो तिला कॉफी आणून देत होता.

हेंक नंतर एवढंच म्हणाला, "खाली गेलो तर फेमके तशीही जाईल, मेधा. तिच्या वयाची कुठलीही मुलगी जाईल. मग ना ती, ना इंग्रिड."

त्याचं खरं आहे हेच वाईट आहे.

२४ जाने., मंगळ

आज फुटलं.

फेमके आर्याला स्विमिंगहून घेऊन आली. दर मंगळवारी आणते. आर्या वर गेली आणि ही किचनमध्ये कोट न काढता उभी.

"त्यांच्या कोचचा मला फोन आला."

माझ्या हातात कणीक.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दोन आठवडे."

वाटलं होतं रडेल. रडली नाही. टेबलाला हात टेकून विचारलं, "तू काय मत देणार?"

"नाहीच म्हणणार! तुला कशी देईन मी?"

"देईन? मी काय सायकल आहे?" आवाज चढला. मग आर्या ऐकेल म्हणून उतरला. "तुम्ही पाच जण बसून ठरवताय. मला कुणी विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिला वाचवायचं की विकायचं एवढंच चाललं होतं आमचं.

"तुला जायचंय?"

तिने टपकणारा नळ घट्ट बंद केला. "ते वरच्या नंबरवर आहेत. तिथे मी बेंचवर बसेन. पण शिकेन. इथे मी पूर्ण वेळ खेळते आणि दर शनिवारी हरून घरी जाते." मग हळूच, "हो. जायचंय. तुला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

दारातून जाताना मिठी मारली. माझी कणीक तिच्या कोटाला लागली. झटकली नाही तिने.

सु.ला काही सांगितलं नाही. पोळ्या वातड झाल्या.

२६ जाने., गुरु

कमिटी. कँटीनच्या मागची खोली, हीटर फुल, खिडक्यांवर वाफ.

मी आधीच बोलून टाकलं. इंग्रिड माझ्या जागेवर खेळणार, त्यामुळे माझ्या मताकडे तसंच बघा. आणि तिच्या तब्येतीबद्दल एक बोलायचं आहे, पण तिला आत बोलवा.

विलेम म्हणाला, गरज काय. हेंकने बोलावलं.

आली. उभीच राहिली. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "तुला जिना उतरता येत नाही. मी पाहिलंय."

विलेम खुर्चीत पुढे सरकला.

"नाही येत," इंग्रिड म्हणाली. "गुडघ्यात हाडावर हाड घासतंय. पूर्ण मॅच खेळेन असं मी कोणाला म्हटलेलं नाही. कोणी विचारलंच नाही."

विलेमचा चेहरा. तिचं पोस्टर छापायला टाकलं होतं म्हणे.

"किती खेळशील?" हेंक.

"ते त्या दिवशी कळेल. मलाही त्याच दिवशी कळतं." आणि गेली बाहेर.

पालकांतले एक म्हणाले, झालं तर मग, एका गुडघ्यासाठी आमच्या मुलींचा वर्ग बंद करायचा? विलेमही डळमळला. पेन खालीवर करत माझ्याकडे वळला. "तू तिच्याबरोबर खेळलीस. तू सांग. तुझ्या शब्दावर मी."

आता सगळं माझ्यावर. नको म्हणायला एवढं सोपं होतं. जागा राहिली असती, आर्याचा वर्ग राहिला असता, सगळे म्हणाले असते मेधा शहाणी.

सांगितलं की फेमकेला स्वतःला जायचंय, तिने तसं म्हणायची परवानगी दिली आहे. सांगितलं की त्या दिवशी प्रॅक्टिसला आमची प्रत्येक मुलगी बरी खेळली, मीसुद्धा. इंग्रिड अर्धी मॅच खेळली तरी आपण वाचू शकतो. "घ्या तिला."

तीन विरुद्ध दोन.

बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढलं. घरी आले तर सु. जागा. सगळं सांगितलं. म्हणाला, "आणि आर्याचं काय?"

मी वर जाऊन तिचं पांघरूण नीट केलं.

२८ जाने., शनि

आर्याला सांगितलं. मराठीत सुरुवात केली, तिने डचमध्ये विचारलं, "कोणी बंद केलं?"

"कमिटीने."

"तू कमिटीत आहेस."

रागावली नाही. चित्र काढत बसली. रागावली असती तर बरं.

बेकरीत तिच्या मैत्रिणीची आई भेटली. मी हसले. तिने ब्रेडच्या काउंटरकडे तोंड वळवलं. पोरगी मात्र हात हलवत होती.

४ फेब्रु., शनि

इंग्रिडची पहिली मॅच. पहिल्यांदाच हॉल भरलेला. विलेम दारात उभा राहून हात मिळवत होता.

मी बेंचवर. ट्रॅकसूटची चेन वरपर्यंत ओढलेली. थंडी नव्हती.

काय खेळली! आमच्या त्याच पोरी, गेल्या महिन्यात घाबरत होत्या, आज हात वर करून चेंडू मागत होत्या. बेंचवर बसून ओरडून घसा बसला माझा. आनंदानेच ओरडत होते. बहुतेक.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ती कुणी न ढकलता खाली बसली. क्षणभर. उठली, हेंककडे बघून मान हलवली, ठीक आहे. मी चेन खाली केली होती. परत वर ओढली.

जिंकलो. एक नंबर वर चढलो.

सगळे कँटीनला नाचत गेले. ती आत बाकावर, पायावर बर्फ. गुडघा नारळाएवढा. म्हणाली, "पुढच्या शनिवारी जमेल असं वाटत नाही."

"हेंकला सांग."

"सांगते."

फेमकेचा मेसेज आला होता. त्यांची टीमही जिंकली, ती एक मिनिटही मैदानात नाही. खाली: तुम्ही जिंकलात? छान!! दोन उद्गारचिन्हं. तीनदा वाचला.

७ फेब्रु., मंगळ

प्रॅक्टिसला इंग्रिड नव्हती. सर्दी, असं हेंकने सांगितलं.

मग मला बाजूला घेऊन खुशीत म्हणाला, "फोनवर बोललो तिच्याशी. पाय एकदम ठणठणीत म्हणते. शनिवारी पहिल्यापासून तिलाच ठेवतो, पूर्ण वेळ. तळाच्या टीमशी मॅच आहे, ही जिंकली की सुटलो आपण."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं?

घरी येताना सायकलच्या रस्त्यावर उलटा वारा, निम्मं अंतर उतरून ढकलत आले. बोलले तर हेंकला वाटणार, मेधाला जागा परत हवी आहे. हवीच आहे, तेही खोटं नाही. पण तो गुडघा मी पाहिला. आणि "घ्या तिला" मीच म्हटलं.

सु. म्हणाला, तिचा पाय, तिचं आयुष्य, तू कोण? मग स्वतःच म्हणाला, नाही, तू आहेसच ना कोणीतरी आता.

इंग्रिडला फोन केला. उचलला नाही. परत केला. मग मेसेज लिहिला, खोडला, लिहिला: गुरुवारपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगेन, तुझ्यासमोर.

पाठवला.

आर्या झोपली. भांडी झाली. अजून उत्तर नाही.