कॅमेरा बिघडलेला न्हवता

वर्षाराणी,

कपाटात कॅमेरा शोधू नकोस. मी तो मंगळवार पेठेत मौलाच्या स्टुडिओत घेऊन चाललोय. जेवायला येतो.

काल पुसताना तूच लिव्हर अडकवलास म्हणून मी ओरडलो. ते चुकलं. सकाळी तळाचे स्क्रू काढून बघितलं, चक्रं सगळी शाबूत हायत. शिरोलीच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला, म्हणून आधी खोलायचंच सुचलं. वरचा आकडा बघितलाच न्हाय. तो छत्तीसवर हाय. रोल संपला की लिव्हर पुढं सरकत न्हाय, एवढंच झालंय. मागचं झाकण उघडलेलं न्हाय, न्हायतर उजेडानं रोल गेला असता.

पण एक कळंना झालंय. ह्या रोलवर मी बाराच फोटो काढले, तुमच्या लग्नात. मग कॅमेरा कपाटात गेला. आमचा उदयसिंह पुण्याला नोकरीला, तुला तो चालवता येत न्हाय. बाकीचे चोवीस कुणी काढले? तुझी सासू फोटो म्हटलं की तोंडावर पदर घ्यायची. पण ती वारेपर्यंत कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती.

फोटो धुऊन आले की आधी तू बघ. मी बाहेर सोप्यात बसतो. मला हाक मारायची का न्हाय, ते तू ठरव.

मामा