कॉर्नेट दयारामला द्यावं, याबद्दल

मी, कान्हा हिराजी नाखवा, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा पूर्वी मासेमारी व नंतर बँड, राहणार रेवस, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही. डॉक्टरांनी कॉर्नेट, म्हणजे माझं पितळी वाद्य, फुंकायची बंदी केली तेव्हापासून विहिरीपर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागतं. कंटाळलो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

१. राहतं घर, अंगण व दोन माड पत्नी मैना हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी ऊठ म्हणू नये. घर तिनेच मासळी विकून उभं केलं, कागदावर नुसतं माझं नाव आहे.

२. कन्या ठमी, श्रीवर्धनला दिलेली, हिला ग्रामोफोन व अकरा तबकड्या. मुंबईच्या एका हॉटेलात मी बँडवाल्यांची वाद्यं उचलायचो. दारूबंदी आली, बँड मोडला. तिथल्या गोवेकर मास्तरांनीच मला कॉर्नेट शिकवलं होतं. जाताना ते म्हणाले, "कान्हा, ही जॅझची गाणी माझ्या तरुणपणची, अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. आता कोणी विचारत नाही. तू ने." ग्रामोफोन व तबकड्या मी रेवसला आणल्या आणि ऐकवून ऐकवून पाच जणांचा बँड बसवला. लग्नाला, हळदीला आम्ही तीच गाणी वाजवली.

३. पितळी बटणांचा कोट आमच्या बँडातल्या सदूला. तो आमची क्लॅरिनेट सोडून सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या बँडात गेला. दोन बटणं तुटलेली आहेत, ती त्याने स्वतः लावून घ्यावीत. माझा राग नाही. म्हणजे आहे, पण आता पेलवत नाही.

४. कॉर्नेट, ढोल व बँडचं नाव माझा मेहुणा, मैनेचा सख्खा भाऊ दयाराम याला. तो आमचा ढोल वाजवायचा. लोक म्हणतील, ज्याला हाकललं त्यालाच दिलं? होय, त्यालाच.

५. दयारामला मी १९५५ साली, शिमग्याच्या तोंडावर, बँडमधून काढलं. आमचा ग्रामोफोन खाऱ्या हवेने कमजोर झाला होता. पुरती चावी दिली तरी तबकडी अर्ध्यावर आली की दमायची. चाल हळू व्हायची, सूर उतरायचा. आम्ही त्याच्यावरच शिकलो, म्हणून प्रत्येक गाण्याचा शेवट तसाच दमत दमत वाजवायचो. मला वाटायचं, त्या लोकांची रीतच ती, घर आठवत असेल बिचाऱ्यांना. ठमीच्या पाठवणीला तसंच वाजवलं आणि बायका हुंदके देऊन रडल्या. तेव्हापासून गावातली प्रत्येक नवरी त्याच चालीवर सासरी गेली.

दयारामने मुंबईत एका दुकानात तीच तबकडी विजेच्या मशीनवर ऐकली. लाँचमधून उतरला तो थेट तालमीला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "भावोजी, आपलं मशीन म्हातारं झालंय. गानं न्हाय." सगळे हसले. मी म्हटलं, "ढोल बडवणाऱ्याने मला सूर शिकवायचे व्हय?" आणि त्याच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या.

पुढच्या वर्षी मी गुपचूप त्या दुकानात गेलो. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या उड्या मारत होतं. दयाराम खरा होता. मला इतकी लाज वाटली की घरी येऊन जेवलो नाही, पण तोंडही उघडलं नाही. माझ्या या हट्टापायी मैना तीन घरं पलीकडच्या माहेरी गेली नाही. तरी दयारामने माझ्यामागे हे वाचावं आणि जमलं तर मला माफ करावं.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. मैनेला वाचता येत नाही, म्हणून वरचं तिला वाचून दाखवलं. ती मासळी साफ करत होती. म्हणाली, "मेल्यावर माफी मागता व्हय? मग तो काय मढ्याशी बोलंल?" आणि तशाच ओल्या हातांनी जाऊन भावाला घेऊन आली. मी पाचवं कलम त्याला तोंडाने सांगितलं, कागद न बघता. दोनदा धाप लागली. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही. म्हणाला, "मैनीच्या सात भाऊबीजा गेल्या, भावोजी." मग चहा प्यायला. गाण्याचा शेवट कसा वाजवायचा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तू म्हणशील तसा.

सबब कलम पाचवे मी आडवी रेघ मारून रद्द करत आहे. ते आता कोणी माझ्यामागे वाचायचं कारण उरलं नाही. रेघेशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. बाकी कलमं कायम.

मुक्काम रेवस, दिनांक ११ फेब्रुवारी १९६२.

सही: कान्हा हिराजी नाखवा

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. रामचंद्र गोविंद पाटील, शाळामास्तर
२. दत्तात्रेय पोशा कोळी

दयारामची साक्ष घेतलेली नाही. ज्याला वस्तू मिळायची त्याने साक्षीला राहू नये, असं मास्तर म्हणाले. तो बाहेर ओसरीवर बसला आहे, अजून घरी गेलेला नाही.