दोरीमागची माणसं

बाबा,

आज दुकानात एक बाई आली होती, तुमच्या वेळचा फोटो शोधत. माहेर इथलंच, दिलेली अमडापुरात. आता आपल्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स, एवढंच चालतं. जुनं काही मागणारं माणूस आलं की मी आधी वैतागते आणि मग चहा सांगते, अगदी तुमच्यासारखी.

तिला हवा होता शाळेच्या पटांगणातल्या त्या दुपारच्या नाटकाचा फोटो. मंडळानं तुम्हाला नाटकाचे फोटो काढायला बोलावलं आणि तुम्ही स्टेजवर चढून, नटांकडे पाठ करून, बघणाऱ्यांचाच काढलात. मंडळवाले काय भडकले होते. नट तर फोटोसाठीच उभे असतात, असं तुमचं म्हणणं. पुढे खुर्च्यांवर मोठी मंडळी, मग सतरंजीवर पोरंसोरं, डावीकडे बायका, आणि सगळ्यात मागे दोरी बांधलेली. दोरीपलीकडे वस्तीतली माणसं उभी. गावात कोणाची जागा कुठं, ते त्या एका फोटोत दिसतं. आणि विनोद असा जमलेला, की झाडून सगळे एकाच वेळी हसताहेत.

वाचनालयासाठी तो मोठा करायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलं. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते, अंगात शहाणपण भारी. मागची माणसं अंधूक येतात, फोटो गिचमिड वाटतो, म्हणून मी दोरीपासून मागचं सगळं उडवलं. फोटो झकास दिसला, लोकांनी वाहवा केली. तुम्ही डार्करूमच्या दारात उभे राहून एवढंच म्हणालात, "काऊन वं बाई, नाटक तं सारेच पाहून राह्यले होते. तू त्याईले घरी काऊन धाडलं?" मला असा राग आला, की दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

या बाईचे वडील त्या दोरीमागे होते. ती सातवीत असतानाच ते गेले, आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही. वाचनालयातला फोटो ती लहानपणापासून बघत आली, तो बरोबर दोरीपाशी संपतो. निगेटिव्ह तुमच्या पेटीत निघाली. कॉम्प्युटरवर मोठी केली, तर डोक्याला रुमाल बांधलेला एक उंच माणूस, तोंडभरून हसणारा. तिनं स्क्रीनच्या काचेवर, त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. मला रडू आवरेना.

मग तिनं विचारलं, "कापला कोनं होता हा फोटो?"

बाबा, मी तुमचं नाव सांगितलं.