एसीचा लोड

मंगळवार, संध्याकाळी सात. लालबाग.

डेटा सेंटरचा जॉब शेजारच्या संकेतला मिळाला, मला नाही. आत्ताच पेढे देऊन गेला. जळफळाट होतोय माझा, खोटं कशाला लिहू?

सर्व्हर म्हणजे काय हे त्याला मीच शिकवलं, आमच्या खोलीत, जुन्या पीसीचा सर्व्हर बनवून. आणि इंटरव्ह्यूत दोघांना एकच प्रश्न: शंभर सर्व्हरना पॉवर किती लागेल? मी सर्व्हरचे वॉट फटाफट गुणले. संकेतने त्यांना थंड ठेवणाऱ्या एसीचा लोडपण धरला. एसी! मी विसरलोच कसा?

"तुला कसं सुचलं रे?" मी विचारलं.

"अरे, गणपतीत लायटिंगचा लोड काढला आणि मंडपातले पंखेच विसरलो. ऐन आरतीत फ्यूज उडाला. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. तू कुठे होतास? लॅपटॉपवर!"

हसला वर. एसी, साला.

तो गेल्यावर आई म्हणाली, "पेढा खा. आणि तो टेबल फॅन दे जरा इकडे, उकडून जीव चाललाय."

फॅन माझ्या सर्व्हरसमोर आहे. दोन वर्षं मीच ठेवलाय तिथे. मशीन तापतं म्हणून.